मागच्या खोलीतली खाज

"आधी बाबांना तपासा," सून म्हणाली आणि सासऱ्यांपासून आणखी एक खुर्ची लांब सरकली.

डॉक्टरबाई हातमोजे चढवत होत्या. "खाज कुणाला सुटते?"

"सगळ्यांनाच. मला, ह्यांना, दोन्ही पोरींना. रात्री तर अंग ओरबाडावंसं वाटतं. पण घरात आणली बाबांनीच. कधीपासून नडग्या खाजवतायत. चादरीवर नुसता कोंडा. शी!"

ती चादर ती चिमट्याने उचलायची. सासऱ्यांचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा, खाट मागच्या खोलीत. पोरींना तिकडे फिरकायची बंदी. एवढं करूनही ही घाण घरभर पसरली, म्हणून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

नवऱ्याने वृद्धाश्रमात बोलून ठेवलं होतं. रोग बाबांचाच असं डॉक्टरबाईंनी एकदा सांगितलं, की उद्याच रवानगी. बॅग भरून तयार होती. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

"तुमच्यापासून सुरू करू," डॉक्टरबाई सुनेला म्हणाल्या. त्यांनी भिंगातून तिची मनगटं पाहिली, कंबर पाहिली. मग नवऱ्याची, पोरींची बोटं फाकवून मधल्या बेचक्या पाहिल्या. तिथे नागमोडी बारीक रेघा होत्या.

"खरूज. चौघांनाही. हा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो."

"म्हणजे आत्ता माझ्या अंगात..." सुनेने तोंडावर रुमाल दाबला.

"आहेत. मलम देते. रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत चोळायचं, सकाळी आंघोळ. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. कपडे, चादरी गरम पाण्यात. आणि घाबरू नका, किडा उडत नाही. कातडीला कातडी बराच वेळ लागली की सरकतो. पोरी बिलगून झोपतात ना?"

"माझ्या नाहीतर ह्यांच्या गळ्यातच असतात," सून कौतुकाने म्हणाली.

"बाबा, हात बघू."

डॉक्टरबाईंनी हात हातात घेतला तसा म्हातारा दचकला. त्यांनी बेचक्या पाहिल्या, मनगटं, काखा, कंबर पाहिली. पुन्हा पहिल्यापासून सगळं पाहिलं.

"नडग्यांची कातडी वयाने कोरडी पडलीय, तेल लावा. खरजेची मात्र एक खूण नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि गोंधळून सुनेकडे पाहिलं.

"हे तुमच्याच घरात राहतात ना?"