सर्वात हिरवा विभाग

शहरातल्या आणि आसपासच्या कुठल्या विभागात माणशी किती बाग आहे, याचा नकाशा तिने महापालिकेच्या कार्यालयात बसून उपग्रहाच्या फोटोंवरून केला. पहिला आला तो स्टेशनामागचा दाटीवाटीचा विभाग! साहेब बेहद्द खूश झाले. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. तिथेच राहणारी तिची मावशी म्हणायची, "अगं, कुंडी आत घेतली तर मला बाहेर झोपावं लागेल."

तिने फोटो मोठा केला. संगणकाने छपरांवरच्या हिरव्या ताडपत्र्या बाग म्हणून मोजल्या होत्या.

ती धावतच केबिनमध्ये शिरली. "साहेब, तिथे बाग नाही हो, माणसं राहतात!"

"कळलंय मला," साहेब शांतपणे म्हणाले आणि पुढे सांगू लागले,

"बागेत घुसलेल्यांना उठवायला बुलडोझर कधीच निघालेत."