ऋजुताची आठवण

"डोळे मिटा, मॅडम. दहा मिनिटं लागतील," म्हणत प्रशिक्षक इरफानने ग्रंथपाल शेवडेबाईंच्या डोक्यावर स्मृतिपट्टा बसवला. स्वमग्न मुलांसाठी वाचनालय कसं असावं, हे आता प्रत्येक ग्रंथपालाला अशा एखाद्या मुलाची आठवण जगूनच शिकावं लागे.

पट्टा सुरू होताच ट्यूबलाइटची गुणगुण करवतीसारखी कानात शिरली. तरीही मन मांडीवरच्या पक्ष्यांच्या पुस्तकात रमलं होतं आणि आनंदाने तोंडातून हुंकार निघत होते. तेवढ्यात कुणीतरी शेजारी बसलेल्या आईला म्हणालं, "हिला उद्यापासून आणू नका. इतरांना त्रास होतो."

तो आवाज शेवडेबाईंचाच होता. दहा वर्षांपूर्वी आपण हे सौम्यपणे सांगितलं, असंच त्यांना आजवर वाटत होतं. इथे तो अंगावर ओरडल्यासारखा आला.

त्यांनी पट्टा ओढून काढला. "ही ऋजुता बेलवलकर. कुठे असते आता? मला तिला भेटायचंय."

इरफान चाचरला. "कुणी भेटायला यायचं नाही, या अटीवरच तिने आठवण दिलीय."

बाईंनी पट्टा स्वतःच पुन्हा डोक्यावर चढवला. मग म्हणाल्या, "राहिलेली चार मिनिटं लावा."

त्या चार मिनिटांत ऋजुता वाचनालयाच्या पायरीवर बसून आईला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "उद्या किती वाजता यायचं?"