गळती

कारखान्यात मी पाण्यात विरघळलेली हवा काढतो. केसासारख्या बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा असतो. नळीच्या भिंतीतून हवा जाते, पाणी जात नाही. बायको हसायची, "पाण्यातली हवा काढायला माणूस ठेवतात होय!"

तिची फुप्फुसं थकली तेव्हा तिला तसल्याच जुडग्याला जोडलं. इथे रक्तात हवा घालायची होती.

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या तोंडातून पाणी टपकताना मेहुणीने पाहिलं आणि नर्सला झापलं, "एवढं मोठं हॉस्पिटल, आणि यंत्र गळकं?"

"गळत नाही गं," मी म्हणालो. "रक्त गरम असतं. नळीच्या भिंतीतून पाणी जात नाही, पण वाफ जाते. ती बाहेर गार होऊन टपकते. आमच्याकडे रोजचंच आहे. थेंब पडतायत तोवर यंत्र चालू आहे असं समज."

"दाजी, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" तिने खाली स्टीलचं भांडं ठेवलं आणि रोज तक्रार करत राहिली.

नवव्या दिवशी आम्हाला खोलीबाहेर थांबायला सांगितलं. पलंगाभोवती पडदा ओढला होता. दाराच्या काचेतून फक्त यंत्राचं तोंड आणि भांडं दिसत होतं. बऱ्याच वेळाने मेहुणीने माझा दंड धरला.

"दाजी, बघा! गळती थांबली. ऐकलं एकदाचं माझं."

"हो," मी म्हणालो, "तुझ्यापुढे कोणाचं चालतंय!"

डॉक्टर पडदा सारून दाराकडे निघाले होते. ते पोहोचेपर्यंत मी तिला खूश राहू दिलं.