फलाटावरची ओंजळ

प्रदर्शन उघडायला थोडाच वेळ उरला होता आणि उत्तम खरातने घडवलेला माणूस प्रतिकृतीतल्या छोट्याशा फलाटावरून नाहीसा झाला होता. पाणक्या रिकाम्या जागी पाणी ओतत उभा होता.

१९३२ सालचं ते स्टेशन, गाडीसकट, उत्तम आणि मेहेंदळे या दोघा मित्रांनी मिळून उभं केलं होतं. डब्यांचा लाल रंग किंचित फिका वाटला म्हणून मेहेंदळेने अख्खी गाडी पुन्हा रंगवायला लावली होती. फलाटावर दोन माठ होते, एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा. दोन्हींपासून लांब, उकिडवा बसून ओंजळ धरलेला तो माणूस होता.

"मीच काढला," मेहेंदळे म्हणाला. "मोठी माणसं येतायत. उगाच कशाला विषय? आणि एवढं बारीक कोण बघतं रे?"

उत्तमचं डोकं सणकलं. "रंग जरा चुकला तर तुला झोप लागत नाही! माझा आजा त्या फलाटावर असाच पाणी प्यायचा. तो बारीक वाटला तुला? दे इकडे."

मेहेंदळेने खाली बघत खिशातून तो इवलासा माणूस काढून दिला. उत्तमने त्याच्या पायांना गोंद लावला आणि त्याला पाणक्यासमोर ठेवून बोटाने दाबून धरलं.

"अरे, नंतर चिकटव. पाहुणे दारात आलेत!"

"थांबू देत."

बाहेर पाहुणे फीत कापायची कात्री घेऊन ताटकळत राहिले. गोंद वाळेपर्यंत उत्तमने बोट उचललं नाही.