तान्ही लेक

"मुखियाचं कोठार भरलं कुणी? आम्हीच ना?" तोली कुंभारणीने विचारलं. राखणदाराने नजर चुकवली. "कुंभारांना दाणा द्यायचा नाही, असा हुकूम आहे. या दुष्काळात तुमची मडकी हवीत कुणाला? शिजवायलाच काही नाही."

तोली वेशीवरच्या खोपटात परतली, तेव्हा नवरा बिरजा तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन नुसता बसला होता. लेक गेली होती. रीतीप्रमाणे तिला दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत निजवलं आणि खोपटाच्याच जमिनीत पुरलं.

सकाळी वेशीवरची सगळी घरं वस्ती सोडून निघाली. तोली मात्र त्या ओल्या सारवणावरून उठेना. "तिला एकटीला टाकून कशी येऊ?"

बिरजा तिच्याशेजारी बसला. लोखंडही ठाऊक नसलेला तो काळ. मोठं माणूस मेलं की त्याने घर सोडून जाऊ नये म्हणून पावलं तोडून पुरायची चाल होती. "लेकरांची पावलं तोडत नाहीत," बिरजा म्हणाला. "तिची शाबूत आहेत. येईल आपल्या मागोमाग."

तोलीला ते पटलं. दाराची ताटी उघडी ठेवून ती निघाली. वाटेत सारखी मागे वळायची, लाडाने हाका मारायची. कोरड्या नदीपात्रात मात्र ती एकाएकी थांबली आणि वाळूत मटकन बसली.

"बिरजा, तिला अजून रांगतासुद्धा येत नव्हतं रे!"