बाल्कनीतलं स्थळ

“स्थळ बघायला कुणी सिनेमाला जातं का?” दिनानाथमामांनी विडा हातातच धरला.

“मग कुठं जाऊ? संकठेच्या देवळात? तिथं सगळेच सज्जन दिसतात,” सुनीती चपला घालत म्हणाली. “माणूस कशावर हसतो, ते प्रेमाच्या विनोदी सिनेमात नेमकं कळतं.”

“त्यांचं वयही जरा जास्तच आहे.”

“असू दे.”

वडील गेले तेव्हा सुनीती लहान होती. आईनं, अन्नपूर्णानं, मुलींच्या शाळेत शिकवून तिला एम.ए. केलं. आता सुनीती कॉलेजात शिकवत होती आणि घरात तिचा शब्द चालत होता. आई आत पोळ्या लाटत होती.

गोदौलिया चौकातल्या थिएटरपाशी रत्नाकर सप्रे तिकिटं घेऊन उभे होते. बँकेत अधिकारी, नागपूरहून बदली होऊन आलेले. दोघं बाल्कनीत बसली.

नायिकेनं वादात नायकाला गप्प केलं, तेव्हा रत्नाकर मोकळेपणी हसले. सुनीतीला बरं वाटलं. मग नायिकेची विधवा आत्या गजरा माळून आरशापुढे गुणगुणू लागली.

“अरे, बुढ़िया को देखो!” मागून कुणीतरी ओरडलं. अख्खं थिएटर खदखदून हसलं.

रत्नाकर हसले नाहीत.

मध्यंतरात चहा घेताना सुनीतीनं विचारलं, “शेवट तर आधीच ठाऊक असतो. तरी आपल्याला का आवडतात हो असे सिनेमे?”

“जमणार हे ठाऊक असतं, म्हणून तर निर्धास्त हसता येतं. तरी ती दोघं भांडली की जीव खालीवर होतोच. मी तर मनात ओरडतो, अरे बुद्धू, माफी माग ना तिची!” ते जरा थांबले. “त्या आत्याचं मात्र कुणी जमवत नाही. तिचं जमलं असतं, तर मी शिट्टी मारली असती.”

सुनीतीनं चहाचा मातीचा कुल्हड हळूच खाली ठेवला. पुढचा अर्धा सिनेमा तिनं नीट पाहिलाच नाही.

घरी मामा वाट बघत होते.

“माझी पसंती आहे,” ती म्हणाली.

“लोक नावं ठेवतील, सुनीती. घाटावर तोंड दाखवायची सोय राहणार नाही.”

“मी दाखवीन ना. राजा घाटापासून संकठा घाटापर्यंत आपल्या एकेका मराठी घरी जाऊन पेढे देईन. ताठ मानेनं!”

मामांनी विडा तोंडात टाकला. ती स्वयंपाकघरात गेली.

“रविवारी पुन्हा सिनेमा ठरलाय,” ती म्हणाली. “या खेपेला नवरीनं स्वतः जायचं. कुठली साडी नेसशील, आई?”