पेडलचे पट्टे

जुन्या विजेत्यानं आपली पोलादी सायकल दुकानात आणली. तिचं पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान होतं. घड्याळाशी एकट्यानं झुंजायच्या शर्यतीची ती खूण. "खास माझ्यासाठी बनवून घेतली होती. ओळखा पाहू ताई, कुणाचं काम?" मेकॅनिक बाईनं सायकल उलटी केली. ब्रेकच्या वायरीचं भोक भलत्याच बाजूला होतं आणि खरवडलेल्या लाल रंगाखाली निळा निघाला. तिच्या डावखुऱ्या दादानं स्वतः जोडलेली ही निळी सायकल निवडचाचणीच्या आदल्या दिवशी चोरीला गेली होती. दादा पुन्हा शर्यतीत उतरलाच नाही. "ओळखली," ती म्हणाली. "बसा वर, माप पुन्हा तपासून देते." स्टँडवर आवळलेल्या सायकलवर तो चढताच तिनं पेडलचे पट्टे त्याच्या बुटांवर करकचून ओढले. "अहो, पाय निघेनात!" तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली, "दादा, बाहेर ये. सायकल सापडली. चोर तिलाच बांधलाय."